अवरोधजन्य कावीळ: सोनोग्राफीनंतर सीटी स्कॅन, एमआरसीपी की थेट ईआरसीपी?

प्रश्न असा आहे. ६४ वर्षांच्या वडिलांचे डोळे तीन आठवड्यांपासून पिवळे आहेत, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातकट पांढरा झाला आहे आणि रात्री अंगाला खाज सुटते. पोटात दुखत नाही, ताप नाही, वजन मात्र उतरले आहे. एकूण बिलिरुबिन (रक्तातील पिवळे पित्तद्रव्य) १२.४ असून त्यातील बहुतांश डायरेक्ट प्रकारचे आहे. सोनोग्राफीच्या अहवालानुसार यकृतातील पित्तनलिका फुगलेल्या आहेत, मुख्य पित्तनलिका १४ मिलिमीटर रुंद आहे, पित्ताशय ताणलेले आहे, खडा दिसलेला नाही आणि नलिकेचे खालचे टोक आतड्यातील वायूमुळे पाहता आलेले नाही. त्यानंतर एका डॉक्टरांनी सीटी स्कॅन, दुसऱ्यांनी एमआरसीपी (एमआरआय यंत्राने काढलेले पित्तनलिकांचे चित्र) आणि तिसऱ्यांनी लगेच ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत केली जाणारी प्रक्रिया) करून स्टेंट, म्हणजे नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकण्यास सांगितले आहे. कोणाचे ऐकावे आणि एका तपासणीत का भागत नाही, असे आपण विचारले आहे.

आपण दिलेल्या माहितीवरून माझे मत असे की आधी स्वादुपिंडासाठीचा विशेष सीटी स्कॅन करावा आणि तो होईपर्यंत, ताप किंवा थंडी वाजून येत नसेल तर, स्टेंटची घाई करू नये. एमआरसीपी आणि ईआरसीपी या दोन्ही तपासण्या आपापल्या जागी उत्तम आहेत, पण या रुग्णात त्यांची पाळी नंतरची आहे. या क्रमामागचे कारण समजून घेण्यासाठी प्रत्येक तपासणी नेमके काय दाखवते आणि काय दाखवू शकत नाही, हे पाहावे लागेल.

कावीळ यकृताच्या पेशींना सूज आल्याने झाली आहे की पित्ताची वाट अडल्याने, हे केवळ रक्ततपासणीवरून खात्रीने सांगता येत नाही. रक्तातील यकृताच्या तपासण्यांपैकी अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी वाढलेले असतील आणि त्या मानाने एसजीओटी, एसजीपीटी फारसे वाढलेले नसतील, तर अडथळ्याचा संशय बळावतो. तरीही काही औषधांमुळे आणि विषाणूजन्य हिपॅटायटिसच्या एका अवस्थेत हुबेहूब असेच आकडे येतात. म्हणून इमेजिंगपुढचा पहिला प्रश्न ‘वाट खरोखर अडली आहे का’ हा असतो. त्यानंतर अडथळा कोणत्या पातळीवर आहे, तो कशामुळे आहे आणि गाठ असल्यास ती शस्त्रक्रियेने काढता येईल का, असे प्रश्न क्रमाने येतात. या चारही प्रश्नांना सारखेच चांगले उत्तर देणारे यंत्र आज उपलब्ध नाही आणि एका तपासणीत न भागण्याचे खरे कारण हेच आहे.

पहिल्या प्रश्नासाठी सोनोग्राफीला तोड नाही. ती स्वस्त आहे, तालुक्याच्या ठिकाणी होते, तिच्यात किरणोत्सर्ग नाही आणि फुगलेल्या नलिका ती सहज दाखवते. निरोगी यकृतात आतील पित्तनलिका इतक्या बारीक असतात की पोर्टल शिरेची (आतड्यातून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेची) शाखा तेवढी ठळक दिसते. अडथळा आल्यावर शिरेला समांतर दुसरी नळी उमटते आणि चित्र दुनळी बंदुकीसारखे दिसते. मुख्य पित्तनलिकेची रुंदी सामान्यतः ६ मिलिमीटरपर्यंत धरली जाते. साठीनंतर दर दशकाला सुमारे १ मिलिमीटरची सूट दिली जाते आणि पित्ताशय काढलेल्या व्यक्तीत १० मिलिमीटरपर्यंतची नलिकाही निर्दोष असू शकते. आपल्या वडिलांचे पित्ताशय जागेवर आहे आणि यकृतातील नलिकाही फुगलेल्या आहेत, त्यामुळे १४ मिलिमीटर या आकड्याबद्दल शंकेला जागा उरत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळालेले आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बहुतांशी याच अहवालात आहे. यकृताच्या द्वारापाशी, म्हणजे उजवी आणि डावी नलिका एकत्र येतात तिथे, अडथळा असता तर आतील नलिका फुगल्या असत्या, पण मुख्य नलिका आणि पित्ताशय रिकामे राहिले असते. येथे सर्वच फुगलेले आहे, म्हणजे अडथळा पित्ताशयाची नळी मुख्य नलिकेला मिळते त्याच्या खाली, बहुधा स्वादुपिंडाच्या शीर्षाजवळ किंवा नलिका आतड्यात उघडते त्या मुखापाशी आहे. कूर्व्हाझिए या स्विस शल्यविशारदाने १८९० साली नोंदवलेले निरीक्षण आजही उपयोगी पडते: खड्यांनी वारंवार सुजलेले पित्ताशय आकसून घट्ट होते, त्यामुळे वेदनारहित कावीळ आणि ताणलेले पित्ताशय एकत्र आढळल्यास खड्यापेक्षा गाठीचा विचार आधी करावा. या नियमाला अपवाद आहेत, म्हणून त्यावरून निदान पक्के करता येत नाही, पण पुढची तपासणी निवडण्यासाठी तो पुरेसा आहे.

सोनोग्राफीची मर्यादा नेमकी तिथेच आहे जिथे आपल्याला पाहायचे आहे. मुख्य नलिकेचा खालचा भाग ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) मागून जातो आणि आतड्यातील वायू ध्वनिलहरींना आत जाऊ देत नाही. ६ ते ८ तास उपाशीपोटी तपासणी, रुग्णाला कुशीवर वळवणे किंवा उभे करणे, पाणी पाजून भरलेल्या जठरातून खिडकीसारखे आत पाहणे आणि प्रोबने सावकाश दाब देऊन वायू बाजूला सारणे, एवढे केले तर ‘दिसले नाही’ असे लिहिण्याची वेळ बरीच कमी येते. मात्र त्यासाठी तपासणाऱ्याकडे वेळ असावा लागतो आणि दिवसाला कित्येक रुग्ण पाहणाऱ्या केंद्रात तो नसतो. मुख्य नलिकेतील खड्यांसाठी सोनोग्राफीची संवेदनशीलता (खडा असताना तो सापडण्याचे प्रमाण) अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५ सालच्या कॉक्रेन आढाव्यात सुमारे ७३ टक्के आढळली, म्हणजे चारांपैकी एकाचा खडा तिच्या नजरेतून सुटतो. याखेरीज अडथळा येऊन एक-दोन दिवसच झाले असतील, किंवा यकृत सिरोसिसमुळे कडक झाले असेल, तर अडथळा असूनही नलिका फुगलेल्या दिसत नाहीत. अहवालात ‘खडा दिसला नाही’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ ‘खडा नाही’ असा घेऊ नये.

आता सीटी स्कॅनकडे येतो, कारण आपल्या वडिलांच्या बाबतीत निर्णायक भाग तोच आहे. पोटाचा साधा सीटी आणि स्वादुपिंडासाठीचा सीटी यांत मोठा फरक आहे आणि चिठ्ठीवर नुसते ‘सीटी ॲबडोमेन’ लिहिले तर पहिला होण्याची शक्यता अधिक. स्वादुपिंडाच्या सीटीत शिरेतून कॉन्ट्रास्ट (चित्र उजळवणारे औषध) वेगाने देऊन साधारण ३५ ते ४५ सेकंदांनी पहिली फेरी घेतली जाते, तेव्हा निरोगी स्वादुपिंड उजळते आणि कर्करोगाची गाठ त्यात काळसर उठून दिसते. ६५ ते ७० सेकंदांच्या दुसऱ्या फेरीत पोर्टल शीर आणि यकृत स्पष्ट होते, त्यामुळे यकृतात पसरलेल्या गाठी सापडतात. काप बारीक, एक मिलिमीटरच्या आसपासचे, असावेत. पिण्यासाठी पांढरे कॉन्ट्रास्ट न देता साधे पाणी द्यावे, कारण उजळलेल्या आतड्याच्या शेजारी नलिकेच्या मुखाची छोटी गाठ आणि खडा दोन्ही लपतात.

या तपासणीतून शल्यविशारदाला जे हवे असते ते दुसऱ्या कोणत्याही एका तपासणीतून इतक्या नेमकेपणाने मिळत नाही. स्वादुपिंडाच्या शीर्षामागून आतड्याकडे जाणारी मुख्य रोहिणी आणि शीर जाते. गाठ त्यांना शिवते का, शिवत असल्यास परिघाच्या १८० अंशांपेक्षा कमी की जास्त, शीर दबून अरुंद झाली आहे का, यावर शस्त्रक्रिया आधी करायची की केमोथेरपी आधी द्यायची हे ठरते. सुमारे १० ते १५ टक्के लोकांत यकृताची उजवी रोहिणी नेहमीच्या जागेऐवजी आतड्याच्या रोहिणीतून निघते आणि स्वादुपिंडाच्या मागून वर चढते. शस्त्रक्रियेपूर्वी ती माहीत नसेल तर कापली जाण्याचा धोका असतो. हे सीटीत दिसते, एमआरसीपीत दिसत नाही.

सीटीचे दोष दोन. कोलेस्टेरॉलचे खडे पित्ताइतक्याच घनतेचे असू शकतात आणि मग ते सीटीत मुळीच उमटत नाहीत, त्यामुळे ‘सीटीत खडा नाही’ या वाक्यावर विसंबू नये. शिवाय काही गाठी भोवतालच्या स्वादुपिंडाइतक्याच उजळतात आणि थेट दिसत नाहीत. अशा वेळी पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका दोन्ही फुगलेल्या असून एकाच ठिकाणी एकदम तुटल्यासारख्या दिसतात, आणि या अप्रत्यक्ष खुणेवरून पुढची तपासणी ठरते.

स्टेंट आधी टाकू नये असे मी म्हणतो, त्याचे कारण याच चित्रांशी जोडलेले आहे. धातूच्या स्टेंटमुळे सीटीत रेघा उठतात, नलिका रिकामी झाल्याने अडथळ्याची सीमा पुसट होते, आणि ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज आली तर ती सूज कोणती आणि गाठ कोणती हे अनुभवी डोळ्यालाही सांगणे अवघड जाते. काही आठवडे थांबून स्कॅन पुन्हा करावा लागतो आणि तेवढा काळ वाया जातो. सीटी आधी झाला असता तर हे सगळे टळले असते. हा क्रम उलटा करणे ही आपल्याकडे सर्रास दिसणारी आणि सहज टाळता येणारी चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमआरसीपीचे सामर्थ्य वेगळे आहे. १९९१ पासून वापरात आलेल्या या पद्धतीत एमआरआय यंत्र अशा रीतीने जुळवले जाते की स्थिर द्रव पांढराशुभ्र दिसतो आणि बाकीचे अवयव जवळजवळ काळे होतात. पित्त हाच द्रव असल्याने शिरेतून काहीही न टोचता संपूर्ण नलिकांचा आराखडा उमटतो. मुख्य नलिकेतील खड्यांसाठी तिची संवेदनशीलता कॉक्रेन आढाव्यात सुमारे ९३ टक्के आढळली. यकृताच्या द्वारापाशी अडथळा असेल, तर उजव्या आणि डाव्या नलिका एकमेकींपासून कितपत तुटल्या आहेत हे दाखवण्यात तिची बरोबरी सीटी करू शकत नाही. जठर आणि आतड्यातील द्रव चित्रात लुडबुडू नये म्हणून काही केंद्रांत तपासणीपूर्वी अननसाचा रस पाजतात. त्यातील मँगनीजमुळे तो द्रव काळा होतो.

तिच्या चुका मात्र ओळखता आल्या पाहिजेत. नातेवाइकांना फिल्मवर दिसणारे नलिकांचे ते सुंदर झाड संगणकाने अनेक काप एकत्र करून बनवलेले असते आणि भोवतीच्या पांढऱ्या पित्तात छोटा खडा त्यात बुडून जातो. म्हणून वाचन मूळ कापांवरूनच व्हायला हवे. पूर्वी नलिकेचे मुख कापलेले असेल तर आत हवा शिरते आणि तीही खड्यासारखीच काळी दिसते, फक्त ती पाठीवर झोपलेल्या रुग्णात वरच्या बाजूला तरंगते आणि खडा तळाशी बसतो. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेतील क्लिपांमुळे नलिका तिथे तुटल्याचा भास होतो. श्वास रोखता न येणाऱ्या वृद्धांत चित्रे हलतात. पेसमेकर असल्यास त्याचा प्रकार आधी कळवावा लागतो. आणि ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडा, विशेषतः मुखापाशी अडकलेला, एमआरसीपीतूनही निसटतो.

अशा निसटलेल्या खड्यासाठी किंवा मुखाच्या छोट्या गाठीसाठी एंडोस्कोपिक सोनोग्राफी आहे. दुर्बिणीच्या टोकावरील प्रोब ड्युओडेनममध्ये नेला की पित्तनलिका काही मिलिमीटर अंतरावर येते आणि मध्ये वायू राहत नाही, म्हणून बाहेरून न दिसणारे सर्व काही दिसते. खड्यांसाठी तिची संवेदनशीलता ९५ टक्क्यांच्या आसपास आहे. स्वादुपिंडातील २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी ती सीटीपेक्षा अधिक पकडते आणि त्याच बैठकीत सुईने तुकडाही घेता येतो. सीटीत गाठ स्पष्ट आणि काढण्याजोगी दिसत असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी तुकड्याचा आग्रह धरला जात नाही. केमोथेरपी आधी द्यायची असेल किंवा निदानाबद्दल शंका असेल तर तो लागतोच. ही तपासणी कुशल हातांवर अवलंबून आहे आणि मोठ्या शहरांबाहेर तसे हात अजून थोडे आहेत, हे नियोजन करताना लक्षात ठेवावे.

ईआरसीपीबद्दल अधिक विस्ताराने लिहितो, कारण तिसऱ्या डॉक्टरांचा सल्ला तोच आहे. १९६८ साली नलिकेत दुर्बिणीतून नळी घालून चित्र घेता येते हे दिसून आले आणि १९७४ साली जर्मनी व जपानमध्ये मुख कापून खडा काढण्याची पद्धत सुरू झाली. त्या काळी नलिका पाहण्याचे मार्ग मोजके असल्याने ईआरसीपी निदानासाठी केली जात असे. आज निदानासाठी निर्धोक पर्याय असताना केवळ ‘बघण्यासाठी’ ती करणे समर्थनीय नाही, कारण १०० पैकी साधारण ३ ते १० रुग्णांत तिच्यानंतर स्वादुपिंडाला सूज येते आणि रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका थोडा का होईना असतो. गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन दिल्याने सुजेचा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

उपचार म्हणून मात्र तिला पर्याय नाही अशा परिस्थिती आहेत. कावीळ, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली वेदना, ही फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८७७ मध्ये वर्णन केलेली त्रयी दिसली की अडलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला आहे असे समजावे. तेव्हा प्रतिजैविके सुरू करून नलिका लवकरात लवकर मोकळी करणे हेच काम असते आणि सुंदर चित्रांसाठी थांबणे जिवावर बेतू शकते. अमेरिकेतील दुर्बीण तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ साली दिलेल्या निकषांनुसार चित्रात खडा प्रत्यक्ष दिसला, असा संसर्ग असला, किंवा बिलिरुबिन ४ च्या वर असून मुख्य नलिकाही फुगलेली असली, तर खड्याची शक्यता जास्त धरून थेट ईआरसीपी करावी; मध्यम शक्यता असल्यास आधी एमआरसीपी किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करावी. हे निकष पित्ताशयात खडे असलेल्या आणि खड्याचाच संशय असलेल्या रुग्णांसाठी आहेत. केवळ आकडे पाहून ते आपल्या वडिलांना लावले तर थेट ईआरसीपीचा निष्कर्ष निघतो आणि बहुधा तिसरा सल्ला त्यातूनच आला असावा. पण वेदना नाही, खडा नाही, वजन उतरलेले आणि पित्ताशय ताणलेले, हे चित्र खड्याचे नाही.

‘कावीळ उतरवल्याशिवाय शस्त्रक्रिया कशी होणार’ ही शंका रास्त आहे. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत स्वादुपिंडाच्या शीर्षाच्या कर्करोगाचे, साधारण २.३ ते १४.६ बिलिरुबिन असलेले रुग्ण घेतले होते. आधी स्टेंट टाकलेल्यांपैकी ७४ टक्के रुग्णांत गंभीर गुंतागुंती झाल्या, तर लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांत ३९ टक्के. त्या चाचणीत प्लास्टिकचे स्टेंट वापरले होते आणि आजचे धातूचे स्टेंट अधिक चांगले टिकतात, ही गोष्ट जमेस धरली तरी सरसकट स्टेंट टाकू नये हे तत्त्व कायम राहिले आहे. संसर्ग, १५ च्या पुढे गेलेले बिलिरुबिन, असह्य खाज, किंवा शस्त्रक्रियेपूर्वी केमोथेरपीचे नियोजन, ही स्टेंटची योग्य कारणे आहेत.

अडथळा यकृताच्या द्वारापाशी असता तर माझे उत्तर वेगळे असते. तेथील कर्करोगात आधी एमआरसीपीसह कॉन्ट्रास्ट एमआरआय करून कोणता भाग मोकळा करायचा ते ठरवावे लागते, कारण दुर्बिणीतून रंगद्रव्य सर्व फांद्यांत भरले आणि काही फांद्या मोकळ्या झाल्या नाहीत तर त्यांत हमखास संसर्ग होतो. तेथे त्वचेतून यकृतात बारीक सुई घालून नळी बसवण्याची पीटीबीडी ही पद्धत अनेकदा अधिक नेमकी ठरते. तिच्यासाठी रक्त गोठण्याची क्षमता नीट असावी लागते आणि कावीळीत व्हिटॅमिन ‘के’ शोषले जात नसल्याने ती बिघडलेली असते. गंगेच्या खोऱ्यातून येणाऱ्या रुग्णांत अशा जागी पित्ताशयाचा कर्करोग पसरलेला वारंवार आढळतो.

आपल्या देशात आणखी काही कारणे ध्यानात ठेवावी लागतात. पोर्टल शीर लहानपणीच बंद झालेल्या तरुणांत नलिकेभोवती शिरांचे जाळे वाढून ती दाबली जाते. साध्या सोनोग्राफीत हे जाळे जाड भिंतीसारखे किंवा गाठीसारखे भासते, डॉपलर लावताच त्यातला रक्तप्रवाह दिसतो, आणि ते न पाहता तुकडा घेतला तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. क्षयाच्या लसिकाग्रंथी, नलिकेत शिरलेला जंत आणि हायडॅटिड या कृमीची फुटलेली पुटी हीदेखील कावीळ करतात. कर्करोगासारखाच दिसणारा पण स्टेरॉइडने बरा होणारा स्वप्रतिकारक स्वादुपिंडदाह विसरू नये. त्यात स्वादुपिंड सर्वत्र जाड, गुळगुळीत कडांचे दिसते. सीए १९-९ ही कर्करोगाच्या संशयात केली जाणारी रक्ततपासणी केली असेल तर तिचा आकडा अडथळ्यामुळेही वाढतो, म्हणून तेवढ्यावरून घाबरू नये.

गर्भवती स्त्रीत सोनोग्राफीनंतर कॉन्ट्रास्टशिवाय एमआरसीपी हा मार्ग असतो. नवजात बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली आणि शी पांढरट होत असेल तर मोठ्यांचे हे सर्व गणित बाजूला ठेवून त्याला तातडीने बालशल्यविशारदाकडे न्यावे, कारण पित्तनलिका तयारच न झालेल्या बाळांत जपानी शल्यविशारद कासाई यांची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाल्यास यश अधिक मिळते.

वडिलांसाठी आता करायचे ते असे. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठण्यासाठी) या तपासण्या करून घ्याव्यात. कॉन्ट्रास्टची पूर्वीची ॲलर्जी, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असल्यास तेही, आणि रक्त पातळ करणारी गोळी हे सर्व स्कॅन केंद्राला आधी सांगावे. काविळीत मूत्रपिंडे नाजूक झालेली असतात, म्हणून स्कॅनच्या आधी आणि नंतर शरीरात पाणी कमी पडू देऊ नये. चिठ्ठीवर ‘स्वादुपिंडाचा दोन फेऱ्यांचा सीटी’ असे स्पष्ट लिहून घ्यावे आणि फिल्मबरोबर सर्व कापांची सीडी मागून घ्यावी, कारण शल्यविशारद अहवालापेक्षा ते काप स्वतः पाहणे पसंत करतील. सीटीत गाठ दिसली तर दुर्बिणीच्या आधी शल्यविशारदांची भेट घ्यावी. काहीच दिसले नाही, तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी आणि ती जवळ नसेल तर एमआरसीपी करावी. या दरम्यान थंडी वाजून ताप आला, असंबद्ध बडबड सुरू झाली किंवा लघवी कमी झाली, तर हा सर्व क्रम सोडून, रात्र असली तरी, ईआरसीपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.